सरकारी कर्ज किती यापेक्षा ते कुणाच्या चलनात आहे हे आधी विचारा

उलटा_ताळेबंद
"देश कर्जात बुडालाय, जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर इतकं इतकं कर्ज" हे वाक्य कुठल्याही देशाच्या बजेटच्या चर्चेत हमखास येतं. माझं मत सरळ मांडतो, पटलं नाही तर बिनधास्त भांडा. सरकारने स्वतःच्या चलनात घेतलेलं कर्ज आणि दुसऱ्याच्या चलनात घेतलेलं कर्ज यांची जातकुळीच वेगळी आहे, आणि दोन्ही एकाच आकड्यात मिसळले की त्या आकड्यावरून काहीही कळत नाही.

जपानचं सरकारी कर्ज जीडीपीच्या २०० टक्क्यांच्या वर जाऊन कित्येक वर्षं झाली. आता जपानी रोखे कोसळणार अशी पैज लावून मोठमोठे फंड हात पोळून बसले. दुसरीकडे श्रीलंका. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी हात वर केले तेव्हा बाहेरचं कर्ज होतं सुमारे ५१ अब्ज डॉलर, जपानच्या तुलनेत किरकोळच म्हणायचं. पण येन जपानची मध्यवर्ती बँक तयार करते, डॉलर श्रीलंकेला तयार करता येत नाही. तो कमवावा लागतो, चहा विकून, कपडे विकून, पर्यटक आणून. २०१९ चे बॉम्बस्फोट आणि पाठोपाठ कोरोना, पर्यटक थांबले आणि डॉलरही थांबला.

मग "तूट म्हणजे वाईटच" ही शिकवण सगळ्या देशांना सरसकट का दिली जाते? आणि ती कुणाच्या सोयीची आहे?

रोखठोक
म्हणजे नोटा छापा आणि खर्च करत सुटा. नोव्हेंबर १९२३, जर्मनी, एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. झिम्बाब्वेने तर १०० लाख कोटींची नोट काढली. सगळ्या नव्या सिद्धांतांचं उत्तर या दोन देशांनी आधीच देऊन ठेवलंय.

खतावणी
छापण्यावरून सुरू झालंच आहे तर आधी पैसा तयार कसा होतो ते बघू, कारण नोटा हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत. लोकांना वाटतं की ठेवीदारांचे पैसे उचलून आम्ही कर्जदाराला देतो. प्रत्यक्षात कर्ज मंजूर झालं की एका बाजूला कर्ज खातं नावे पडतं आणि दुसऱ्या बाजूला ग्राहकाच्या खात्यात तेवढीच रक्कम जमा होते. ती ठेव त्या क्षणी नव्याने तयार झालेली असते, दुसऱ्या कुणाच्याही खात्यातून एक पैसा कमी झालेला नसतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये हे स्वतःच्या त्रैमासिकात स्वच्छ शब्दांत लिहिलं, आणि ब्रिटनमध्ये लोकांकडे असलेल्या पैशापैकी ९७ टक्के बँक ठेवी, नोटा-नाणी फक्त ३ टक्के हेही सांगितलं.

मर्यादा नाहीत असं नाही. भांडवलाचे नियम असतात, कर्जदाराची पत असते, आणि कर्जाचे पैसे दुसऱ्या बँकेत गेले की दिवसअखेर सेटलमेंटसाठी मध्यवर्ती बँकेतली शिल्लक लागते. पण "आधी ठेव मग कर्ज" हा क्रम पुस्तकातला आहे, काउंटरमागचा नाही.

वाचनमात्र
मग सगळ्यांनी सगळी कर्जं फेडली तर? पैसाच उरणार नाही का?

खतावणी
@वाचनमात्र, बँकांनी कर्जातून तयार केलेला बहुतेक सगळा जाईल. हप्ता भरला की मुद्दलाएवढी ठेव पुसली जाते. उरेल तो सरकार आणि मध्यवर्ती बँक यांच्या बाजूने आलेला. म्हणून खाजगी क्षेत्र एकदम कर्ज फेडायला लागतं, जसं २००८ नंतर अमेरिकेत झालं, तेव्हा सरकारनेही त्याच वेळी हात आखडला तर मंदी खोल जाते. दोघांनी एकाच वेळी बचत करायची ठरवली तर कमवायचं कुणाकडून?

पारंबी
रोखठोक, जर्मनीचं उदाहरण तुम्ही दिलंत तर ते पूर्ण द्या ना. पहिल्या महायुद्धानंतर १९२१ मध्ये त्यांच्यावर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई लादली गेली, ती त्यांच्या स्वतःच्या कागदी मार्कमध्ये देता येत नव्हती, सोनं द्या किंवा परकीय चलन द्या किंवा कोळसा द्या, मग मार्क विकून परकीय चलन घ्यायचं, त्याने मार्क आणखी पडायचा, आणि त्यात जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रुऱ्हमध्ये घुसल्या म्हणजे देशाचं औद्योगिक हृदयच गेलं, तिथल्या कामगारांनी असहकार पुकारला आणि सरकार त्यांना घरबसल्या पगार देत होतं, म्हणजे एकीकडे माल बनायचा थांबला आणि दुसरीकडे पैसा वाहता राहिला. झिम्बाब्वेतही २००० नंतर शेतजमिनी ताब्यात घेण्याच्या गोंधळात शेती उत्पादन कोसळलं, ते आधी आणि नोटा नंतर. दोन्ही ठिकाणी माल गेला होता आणि बाहेरच्या चलनाची गरज मानेवर बसली होती. हे तर धागाकर्त्याच्या मुद्द्याच्या बाजूचंच उदाहरण झालं.

रोखठोक
कारणं मान्य. पण महागाई थांबली कशाने ते बघा. रेंटेनमार्क हे नवं चलन आणलं, किती काढायचे यावर मर्यादा घातली, सरकारला मध्यवर्ती बँकेकडून उचल बंद केली, तेव्हा थांबली. छापखान्याला कुलूप हा औषधाचा भाग होताच.

गणिती
धागाकर्त्याला एक ताजं उदाहरण अडचणीचं जाईल. २३ सप्टेंबर २०२२, ब्रिटन, लिझ ट्रस सरकारचं मिनी बजेट. सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात, पैसे कुठून येणार याचा हिशेब नाही. कर्ज पौंडात, पौंड स्वतःचा, मध्यवर्ती बँक स्वतःची. तुमच्या मांडणीनुसार काही व्हायला नको होतं. झालं काय, रोखे कोसळले, पौंड कोसळला, पेन्शन फंड अडचणीत आले आणि महिनाभरात पंतप्रधान पायउतार. म्हणजे स्वतःच्या चलनातलं कर्जही बाजाराच्या तालावर नाचतं.

उलटा_ताळेबंद
@गणिती, चांगलं उदाहरण आहे, पण त्याचा पुढचा अंक बघा. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडने सांगितलं की आम्ही दीर्घ मुदतीचे रोखे खरेदी करू, तयारी ६५ अब्ज पौंडांपर्यंतची ठेवली, आणि प्रत्यक्षात २० अब्जांच्या आतच काम भागलं. घबराट थांबली. बँक कुठून आणणार इतके पौंड असं कुणी विचारलंसुद्धा नाही. पेन्शन फंडांनी रोखे तारण ठेवून वर आणखी उसनवारी केली होती, किमती पडल्या की तारण वाढवून मागितलं गेलं आणि ते रोखेच विकत सुटले, तो पेच होता.

आता ग्रीस आठवा. त्यांचं कर्ज युरोत, युरो त्यांच्या हातात नाही. २०१५ च्या जुलैमध्ये सुमारे ६१ टक्के लोकांनी कपातीच्या अटींना मतपेटीतून नाही म्हटलं, आणि काही दिवसांतच सरकारला अटी स्वीकाराव्या लागल्या, कारण बँका बंद होत्या आणि त्यांना रोकड पुरवायची की नाही हे फ्रँकफुर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत ठरत होतं. ब्रिटनमध्ये बाजार घाबरला तर मध्यवर्ती बँक सरकारच्या मागे उभी राहिली. ग्रीसमध्ये ती समोरच्या बाकावर होती.

आणि मी मर्यादा नाही असं म्हणतच नाहीये. मर्यादा आहे ती माल, मनुष्यबळ, ऊर्जा आणि आयात यांची. अर्थतज्ज्ञ अब्बा लर्नर यांनी १९४३ मध्येच मांडलंय की सरकारी खर्च जमा-खर्च जुळतो का यावर जोखू नका, बेकारी आणि महागाईवर त्याचा काय परिणाम होतो त्यावर जोखा.

शून्याधारित
सगळ्या आजाराचं मूळ १५ ऑगस्ट १९७१. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सनने सोन्याची खिडकी बंद केली, म्हणजे डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. त्याआधी ३५ डॉलरला एक औंस सोनं मिळायचं, परदेशी मध्यवर्ती बँकांना तरी. त्यानंतर सगळा कागद. सोन्याला शिस्त होती, राजकारण्यांना नाही.

पारंबी
शिस्त कुणाला लागायची तेही बघा. ब्रिटनने १९२५ मध्ये युद्धपूर्व दराने सोन्याला परत बांधून घेतलं, पौंड महाग झाला, कोळसा खाणींचा माल विकेना, मग मजुरी कापायची, १९२६ चा सार्वत्रिक संप त्यातूनच आला. शेवटी सप्टेंबर १९३१ मध्ये सोनं सोडावंच लागलं. जे देश सोन्यातून लवकर बाहेर पडले ते महामंदीतून लवकर सावरले, हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक आता सर्रास मान्य करतात. सोन्याची शिस्त मजुराच्या पोटावरून जायची.

दुपारची_उन्हं
अवांतर आहे पण राहवत नाही. ऑस्ट्रियातलं व्योर्गल नावाचं छोटं गाव, १९३२. बेकारी भयंकर, गावाकडे पैसे नाहीत. तिथल्या महापौरांनी गावाचं स्वतःचं चलनपत्र काढलं, आणि अट अशी की दर महिन्याला त्यावर किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट चिकटवायचं, नाहीतर ते चालणार नाही. दाबून ठेवलं की नुकसान, म्हणून लोक भराभर खर्च करायचे, थकलेले करसुद्धा भरले. रस्ते झाले, पूल झाला. मग ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेने चलन काढण्याचा हक्क आमचाच म्हणून १९३३ मध्ये बंद पाडलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की माणसं होती, हत्यारं होती, कामही होतं, नव्हता तो फक्त त्यांना जोडणारा कागद.

गणिती
व्योर्गल सुंदर आहे पण एका गावाचं, वर्षभराचं आहे. देशपातळीवर सगळे एकदम भराभर खर्च करायला लागले तर भाव चढतील.

निळाई
कर्ज आणि सत्ता यावर कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. हैतीचं उदाहरण वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून मागणी केली की आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं त्याचे १५ कोटी फ्रँक द्या, मग मान्यता देऊ. त्या "नुकसानात" हीच माणसं धरली होती, म्हणजे स्वतःच्या सुटकेची किंमत स्वतःच भरा. पहिला हप्ता द्यायलाही फ्रेंच बँकर्सकडूनच कर्ज घ्यावं लागलं. पुढे रक्कम ९ कोटींवर आणली, तरी हे सगळं फेडता फेडता विसावं शतक अर्ध्यावर आलं.

आपल्याकडचं १८७५ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी मोकळ्या हाताने कर्ज दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, सरकारने सारा मात्र वाढवून ठेवलेला. मे १८७५ मध्ये सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि ते लोण पसरत गेलं. लोकांनी प्रामुख्याने कागद जाळले हे लक्षात घ्या, कारण खरी बेडी तीच होती. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातून आला. कर्ज हा निव्वळ दोन माणसांमधला करार असतो असं जे म्हणतात त्यांनी हे दोन्ही प्रसंग एकदा वाचावेत.

वाचनमात्र
निळाईताई, प्रतिसाद फार आवडला. पण मग कर्ज माफ केलं की पुढे कुणी कर्ज देईल का?

निळाई
@वाचनमात्र, १९५३ चा लंडन करार. पश्चिम जर्मनीचं बाहेरचं कर्ज साधारण निम्म्यावर आणलं, आणि परतफेड त्यांच्या निर्यातीच्या कमाईला झेपेल अशी बांधून दिली. त्यानंतर जर्मनीला कर्ज मिळायचं थांबलं का? उलट जगातल्या सगळ्यात पतवान देशांत गणना झाली. त्या करारावर सही करणाऱ्या देशांत ग्रीसही होता. सूट कुणाला द्यायची हे राजकारण ठरवतं, शीतयुद्धात जर्मनी आपल्या बाजूला हवा होता म्हणून मिळाली.

चक्रधर_७१
आता मोठ्या खेळाकडे येऊ. १९४४ ला अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्समध्ये जागतिक चलनव्यवस्था ठरवायला ४४ देश जमले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सची सूचना होती 'बँकॉर' नावाचं आंतरराष्ट्रीय हिशेबाचं चलन, आणि त्यात कर्जबाजारी देशाइतकाच भार सतत शिल्लक साठवणाऱ्या देशावरही टाकायचा. त्या वेळी शिल्लक साठवणारा देश अमेरिका. सूचना बारगळली, डॉलर मध्यभागी आला. तेव्हापासून सगळ्या जगाला माल विकून डॉलर मिळवावे लागतात आणि एकाच देशाला ते नुसते तयार करावे लागतात. १९६० च्या दशकात फ्रान्सचे अर्थमंत्री जिस्कार देस्तँ याला 'अवाजवी विशेषाधिकार' म्हणाले होते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख व्होल्कर यांनी महागाई मोडायला व्याजदर चढवले, १९८१ मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास गेले, डॉलरमधलं कर्ज महागलं आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात टेकले. निर्णय वॉशिंग्टनचा, अमेरिकेच्या आतल्या कारणासाठी, आणि दशक बुडालं लॅटिन अमेरिकेचं.

फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची परदेशांत ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी (परकीय चलनाचा साठा) गोठवली गेली. युद्धाबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही स्पष्ट आहे, आक्रमण चूकच. पण प्रत्येक अर्थमंत्र्याला त्या दिवशी कळलं की परकीय गंगाजळी म्हणजे दुसऱ्याच्या वहीतली नोंद आहे. आपल्याला हे आधी कळायला हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात भारताने ब्रिटनला माल आणि सैन्य पुरवलं, त्याबदल्यात लंडनमध्ये सुमारे १.३ अब्ज पौंड आपल्या नावावर जमा झाले. युद्ध संपल्यावर ब्रिटनने ते गोठवून ठेवले आणि थोडे थोडे सोडले. आपण सावकार होतो, तरी अटी ऋणकोने घातल्या.

रोखठोक
हे सगळं ऐकायला जोरदार वाटतं, पण डॉलर आता मेला, उद्या मेला असं मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. जगाच्या गंगाजळीत त्याचा वाटा २००० च्या सुमाराला ७० टक्क्यांवर होता, २०२४ मध्ये ५८ च्या आसपास. पाव शतकात इतकंच. आणि पर्याय दाखवा. भारताने रशियाकडून तेल घेतलं, रुपयात व्यवहार करायचा प्रयत्न झाला, मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह स्वतः म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडलेत आणि ते वापरता येत नाहीत. युआन घ्यायचा तर चीन भांडवल मोकळेपणाने आत-बाहेर जाऊ देत नाही. डॉलर टिकलाय कारण दुसऱ्या कुणाचीच ती जागा भरायची तयारी नाही. त्यासाठी सतत तूट सोसावी लागते, स्वतःचे कारखाने बाहेर जाऊ द्यावे लागतात.

उलटा_ताळेबंद
यातल्या जवळपास सगळ्याशी सहमत. अर्थतज्ज्ञ ट्रिफिनने १९६० मध्ये हाच पेच दाखवला होता, जगाला डॉलर हवे असतील तर अमेरिकेने ते बाहेर सोडत राहायला हवं, आणि जितके सोडेल तितका त्यावरचा विश्वास पातळ होत जाणार. पण किंमत अमेरिकेतल्या कुठल्या माणसाने मोजली? कारखान्यातल्या कामगाराने. विशेषाधिकार मिळाला तो वित्त बाजाराला आणि लष्करी खर्चाला.

दुपारची_उन्हं
कर्जवसुलीवरून आठवलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'लिबर्ताद' हे शिडाचं प्रशिक्षण जहाज घानाच्या तेमा बंदरात अडकवून ठेवलं होतं. २००१ च्या दिवाळखोरीनंतर ज्या धनकोंनी तडजोड नाकारली त्यातल्या एका हेज फंडाने तिथल्या कोर्टातून आदेश आणला होता. डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने सोडायला लावलं. घराघरात जाणारे वसुली एजंट ऐकले होते, समुद्रात उतरलेले पहिल्यांदाच :)

वाचनमात्र
जहाज भारी आहे! पण मूळ प्रश्नावर येऊ का? इतकं वाचल्यावर मला एवढं कळलं की सरकारचं कर्ज स्वतःच्या चलनात असेल तर दिवाळखोरीची भीती नाही, महागाईची आहे. मग बातम्यांत सरकारी कर्जाचा आकडा बघायचाच नाही का?

खतावणी
@वाचनमात्र, बघा, पण सोबत दुसरा बघा. थायलंड, दक्षिण कोरिया, १९९७. संकटाच्या आधी यांची सरकारी बजेटं नीटनेटकी होती, थायलंडला तर अनेक वर्षं शिलकीचं बजेट होतं. सरकारी कर्जाचा आकडा बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसलं असतं. कर्ज होतं खाजगी कंपन्यांचं आणि बँकांचं, अल्प मुदतीचं आणि डॉलरमधलं, तेही विनिमय दर कायम राहील या भरवशावर घेतलेलं. २ जुलै १९९७ ला बाट (थायलंडचं चलन) मोकळा सोडावा लागला आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या वह्यांतलं देणं स्थानिक चलनात दुपटीकडे गेलं. अर्थतज्ज्ञ मिन्स्की म्हणायचे तेच, शांततेच्या काळातच लोक जास्त धोका पत्करतात आणि तीच शांतता मोडते. मी कुठल्याही देशाचं बघताना पहिल्यांदा वर्षभरात फेडायचं परकीय कर्ज आणि हाताशी असलेली गंगाजळी शेजारी शेजारी ठेवते, सरकारी-खाजगी भेद न करता.

आणि एक राहिलंच. स्वतःच्या चलनातल्या कर्जावरचं व्याज कुणाला मिळतं हेही विचारा. रोखे ज्यांच्याकडे असतात त्यांनाच. दिवाळखोरी येणार नाही म्हणजे वाटप न्याय्य आहे असा अर्थ होत नाही.

रोखठोक
खतावणींचा थायलंडचा मुद्दा मला पटला. पण मग निष्कर्ष हा की खाजगी परकीय कर्जाला वेसण घाला, सरकारी तुटीला मोकळीक द्या असा नव्हे.

चक्रधर_७१
मलेशियाने तेच केलं. सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवली नियंत्रणं (देशाबाहेर पैसा नेण्यावरची बंधनं) लावली, आपलं चलन रिंगिट डॉलरला ३.८० वर बांधलं, आयएमएफकडे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे) गेले नाहीत. तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. सावरले की. २०१२ मध्ये आयएमएफनेच अधिकृतपणे म्हटलं की काही परिस्थितीत अशी नियंत्रणं योग्य ठरू शकतात.

रोखठोक
कोरिया मात्र आयएमएफकडे गेला आणि तोही तितक्याच वेगाने सावरला. लोकांनी घरातलं सोनं आणून दिलं, सरकारने ऑगस्ट २००१ मध्ये मुदतीच्या आधीच आयएमएफचं कर्ज फेडलं. मलेशिया नियंत्रणांमुळे सावरला की तेव्हा सगळ्या आशियाचीच निर्यात वाढत होती म्हणून, हे वेगळं कसं काढणार? कुणाकडे ठोस उत्तर असेल तर लिहा, मी खरंच शोधतोय.

उलटा_ताळेबंद
@रोखठोक, एक धागा सुचवतो. नियंत्रणं लावल्यावर मलेशियाला देशातले व्याजदर उतरवता आले. कोरियाला सुरुवातीचे महिने ते चढे ठेवावे लागले आणि त्यात कर्जबाजारी कंपन्या पटापट बुडाल्या. शेवटचा वाढीचा दर सारखा दिसला तरी वाटेत कोण बुडालं, कुणाची नोकरी गेली हे वेगळं निघेल. दोन्हीकडची बेकारी आणि बंद पडलेल्या कंपन्या यांची तुलना करायला बसूया, तुम्ही कोरिया घ्या, मी मलेशिया घेतो.